एकोणपन्नास ते चौसष्ट

"वाचलंत की नुसतं पाहिलंत?" असं विचारून ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि उत्तराची वाट बघत उभे राहायचे.

आमच्या विश्रांतवाडीच्या ऑफिसात ते टेस्टिंगला होते. आम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे त्यांचं काम. चूक सापडली की दीड पानाचा मेल यायचा. आम्ही पोरं पहिली ओळ बघून "वाचलं सर" म्हणायचो. मी अमरावतीहून नुकताच आलेला, पुणेरी खोच मला कळायची नाही. "नुसतं पाहिलं," असं मी एकदा खरंच सांगून टाकलं. तेव्हापासून ते माझ्याशी जरा बरे वागू लागले.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी स्वतःच कथासंग्रह छापला. दुकानदार ठेवून घेईनात, म्हणून इंटरनेटचा रस्ता धरला. असे लेखक तुम्हीही पाहिले असतील. वाचकांच्या ग्रुपवर सकाळी मुखपृष्ठ, दुपारी एखादा उतारा, आणि खाली हात जोडलेले. यांनी हात कधी जोडले नाहीत. यांच्या पोस्टखाली असायचं, "वाचून झाल्यावर फोन करावा. अंगठे पाठवू नयेत." आणि नंबर.

अंगठेच आले. "अप्रतिम सर." "ओघवती शैली." "एका बैठकीत संपवलं." जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ते एका बोटानं प्रत्येकाचे आभार टाइप करत बसायचे.

"आज आला का फोन?" मी विचारायचो.

"आला ना. क्रेडिट कार्ड हवंय का म्हणून."

हसायचे, पण फोन टेबलावर उताणाच ठेवायचे. एका तरी माणसानं पुस्तक वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मलाही त्यांनी सही करून एक प्रत दिली होती. ती मी मॉनिटरखाली ठेवली, उंची अगदी बरोबर बसली. आणि ग्रुपवर लिहिलं, "एका बैठकीत वाचून काढलं. खाली ठेववेना."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. मी दोन-तीन उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी मॉनिटरकडे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. "छान लिहिलंत," एवढं म्हणून गेले. मला लाज वाटली. पुस्तक तिथंच राहिलं.

मग एका सोमवारी सगळ्यांना मेल आला, ते गेले म्हणून. हृदयविकार. मला काहीच वाटलं नाही. चहा प्यायलो, दुपारी एक काम संपवलं. ग्रुपवर "भावपूर्ण श्रद्धांजली" चालू झालं होतं. कितीजणांनी तरी पुस्तक एका बैठकीत वाचल्याची आठवण लिहिली.

पंधरा दिवसांनी मी ते पुस्तक घरी नेलं. तिसऱ्या कथेत एक बाई दार उघडते, समोरच्या माणसाला ओळखते, आणि तिथं अठ्ठेचाळिसावं पान संपतं. पुढचं पान पासष्ट. त्यावर दोन भाऊ विहिरीवरून भांडत होते. मधला सोळा पानांचा फर्मा बांधायचाच राहिला होता.

माझीच प्रत सदोष असेल असं वाटलं. काय बोलायचं ते न ठरवताच मी त्यांच्या पोस्टखालचा तो नंबर लावला. फोन त्यांच्या पत्नीनं उचलला. मी पानांबद्दल सांगितलं.

"सगळ्याच प्रतींत नाहीयेत ती," त्या म्हणाल्या. "यांना पहिल्याच दिवशी दिसलं. बाइंडर म्हणाला, परत बांधून देतो. हे म्हणाले, राहू द्या. जो वाचेल त्याचा फोन येईलच."

"किती आले?"

"तुमचाच पहिला. पानं पाकिटांत भरून ठेवलीयेत यांनी, नुसता पत्ता घालायचाय. सांगा, लिहून घेते."

मी पत्ता सांगितला. त्यांनी सावकाश, प्रत्येक शब्द परत म्हणत लिहून घेतला. मग नाव विचारलं, आणि मला ते सांगवेना.