मामांचा कौल

माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, घरात काही ठरवायचं असलं की आधी आंघोळ करायचे. बोअर पाडायचा असो की पोरीचं स्थळ बघायचं असो, ओल्या अंगानं बिरोबापुढं बसायचे, वाटीतली चिमूटभर ज्वारी पाटावर ठेवायचे आणि दोन-दोन दाण्यांच्या जोड्या लावायचे. सगळ्या जुळल्या तर देवाचा होकार, एक दाणा उरला तर नकार. हा कौल घ्यायला पडेगावापलीकडच्या वस्त्यांवरूनही माणसं यायची. मेंढरं विकून बरीच वर्षं झाली होती, हा मान तेवढा राहिला होता. "देवाला एकदाच इचारायचं," मामा म्हणायचे. "दुसऱ्यांदा इचारलं की तो कौल नाय, भीक असती."

मी उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. टांझानियातल्या एका शाळेनं मला वर्षभरासाठी बोलावलं, तेव्हा घरात कुणीच नको म्हटलं नाही. तिथंच मी अडकले. नको म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. नवरा वडलांकडं बघून म्हणाला, "माझं काय नाय, दादा म्हणतील तसं." सासूबाई रोज विचारायच्या, "चिऊच्या वेण्या कोण घालील गं?" आणि वर लगेच, "तू जा, म्या कुठं अडवलंय?" चिऊ माझी लेक, सात वर्षांची. व्हिसा आला, लस टोचून झाली, बॅग पलंगावर उघडी पडली. मी तिच्यात एक साडी ठेवायची आणि दोन काढायची.

मग एका रविवारी मामांनी आंघोळ केली. गणिताची बाई मी, आणि माझं अख्खं वर्ष ज्वारीच्या चिमटीवर! हसूही येईना. मामांनी जोड्या लावल्या आणि एक दाणा उरला.

"देवाच्या मनात नाय," एवढंच बोलून सासूबाई भाकरी थापायला उठल्या. नवऱ्यानं बॅगेची चेन लावली आणि तो ती माळ्यावर टाकायला निघाला. त्या घरात कौल कधीच कुणी मोडला नव्हता. मामांच्या स्वतःच्या लेकीचं नर्सिंग असंच एका दाण्यावर राहिलं. ती आता मुकुंदवाडीला शिवणकाम करते. माहेरी आली तरी मामांशी कामापुरतंच बोलायची.

"बॅग खाली ठेव," मामा एकदम म्हणाले. "म्या चुकीचं इचारलं. तिनं जावं का, असं इचारलं. तिच्याबिगर आपलं भागल का, असं इचारायचं व्हतं." आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी दुसरी चिमूट घेतली.

मी समोरच होते. सवयीनं त्यांच्याआधीच दाणे मोजले. अकरा होते. मामांनी पाच जोड्या लावल्या, अकरावा दाणा उचलून तोंडात टाकला आणि सावकाश चावला. "जुळलं," ते म्हणाले. मग चिऊला हाक मारली, "ये गं, वेणी दाव तुझी. जन्मभर दोर वळलेत म्या, हे काय लई अवघड हाय व्हय?" ते कुणालाच काही सांगणार नव्हते. मीही गप्प बसले.

मी गेले. तीन महिन्यांनी नवऱ्याकडून कळलं, मामा आता कौल लावत नाहीत, आलेल्या माणसांना दारातूनच परत पाठवतात. मी फोनवर विचारलं, "मामा, माझ्यापायी?"

"तुझ्यापायी कशाला? लबाडी केलेल्या माणसानं परत देवापुढं बसू नाय." मग म्हणाले, "पस्तावा नाय मला. लई उशिरा केली, एवढाच हाय. मुकुंदवाडीला जाऊन पोरीला सांगून आलो तसं."

करार संपायला दोन महिने होते तेव्हा मामा गेले. मला येता आलं नाही. मधेच सुटी मिळत नव्हती. मी वर्गात उभी राहून अपूर्णांक शिकवत होते आणि ते वर्ष काही केल्या संपत नव्हतं. त्यांच्याजवळ शेवटचे आठ दिवस माझी नणंद होती. मशीन बंद ठेवून, मुकुंदवाडीहून येऊन राहिली होती.