आचेची रेघ

सोमा खैरेच्या तोंडून कौतुक ऐकलेला माणूस शिरगावात शोधून सापडला नसता. बारशाला गेला तर बाळ कुणावर गेलंय या प्रश्नाला तो "अजून कळत नाही" असं उत्तर द्यायचा आणि मुकाट्याने जेवायला बसायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी त्याने बायकोला, जनाबाईला, कालवणात मीठ कमी असल्याचं सासूसासऱ्यांदेखत सांगितलं होतं. माणूस वाईट नव्हता. पण खरं बोलायचं म्हणजे समोरच्याला लागेल असंच बोलायचं, अशी त्याची कुणी न शिकवता झालेली समजूत होती, आणि या समजुतीचा त्याला फार अभिमान होता.

त्याचं काम अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात होतं. उल्हासनगरच्या एका सिंधी शेठचा कारखाना. तिथे पितळ दाबून, ओढून काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या करायचे. दारू आणि गोळी दुसरीकडे कुठेतरी भरली जायची, इथे फक्त पितळ. पुंगळीचं तोंड आवळून तिला मान काढली की तिथलं पितळ ताठ होतं, बार उडाला की चिरतं. म्हणून ती मान आचेवर धरून नरम करावी लागते, आणि बूड मात्र कडकच राहावं लागतं. शेडच्या एका कोपऱ्यात गोणपाटं लावून अंधार केलेला होता. तिथे बसून सोमा एकेक पुंगळी बर्नरवर फिरवायचा. विझत आलेल्या निखाऱ्याइतका लाल रंग मानेवर उमटला की क्षणात पाण्यात. आच जिथवर पोचली तिथे पितळावर एक रेघ राहते. ती ज्याची त्याची असते, हस्ताक्षरासारखी. सोमाची रेघ आडवी सरळ असायची, पट्टीने मारल्यासारखी.

हे काम त्याला कोंडाजी मिस्त्रीने शिकवलं होतं. कोंडाजी केव्हाच वारला, पण त्याचे नियम सोमाने सोडले नाहीत. कोपऱ्यात दिवा लावायचा नाही. आच धरली की बोलायचं नाही. आणि पितळाच्या जवळपास कुणी लघवीला बसायचं नाही. कोंडाजी कारणं सांगत नसे. सोमाने आपल्यापुरतं ठरवून टाकलं, की ज्यावर पोट भरतं त्याचा मान ठेवायचा, हे कारण. पितळाच्या ढिगाऱ्यामागच्या भिंतीशी लघवीला उभे राहिलेले कितीतरी हेल्पर त्याने तीस वर्षांत शिव्या घालून पिटाळले होते.

त्या कोपऱ्यात आठ महिन्यांपासून त्याचा मुलगा महेंद्र त्याच्या शेजारी बसत होता. बावीस वर्षांचा, दहावीला दोनदा गटांगळी खाल्लेला, कुठल्याच कामात जीव न रमणारा. पण आचेसमोर बसला की पोरगं वेगळंच दिसायचं. रंग त्याला बरोबर कळायचा. त्याची रेघ उजवीकडे किंचित चढती यायची, कारण तो डावखुरा होता, पण आच नेमकी पडायची. सोमाला हे पहिल्या महिन्यातच दिसलं होतं. तो एवढंच म्हणाला, "ठीक आहे." महेंद्र त्या दिवशी घरी येऊन आईला दोनदा सांगत होता की आबा ठीक आहे म्हणाले.

२००४ च्या जूनमध्ये शेठकडे एक चाचणीचं काम आलं. जंगलात पहारा करणाऱ्या लोकांसाठी नवी सेमी ऑटोमॅटिक रायफल व्हायची होती, घोडा दाबला की बार उडेल आणि पुढचं काडतूस आपोआप चढेल अशी. अंगावर आलेला हत्ती थांबवायचा तर गोळी जाडजूड हवी. अशी जाड काडतुसं दोन तऱ्हेची निवडीत उरली होती, आणि त्यांतलं एक निवडायचं होतं. एक सरळ, खालपासून वरपर्यंत सारखं. दुसरं आखूड, जाड अंगाचं आणि वर आवळलेल्या मानेचं. दोन्हींच्या पुंगळ्या शेठने करून द्यायच्या होत्या. शेडमध्ये त्यांना सरळ आणि मानेची अशी नावं पडली.

शेठने सोमाला बोलावून साफ सांगितलं. मानेची पास झाली तर आचेचं काम दहा वर्षं चालेल आणि महेंद्र पर्मनंट. सरळ पास झाली तर तिला आच लागतच नाही, मग तो कोपरा ठेवून करायचं काय? सोमाने घरी येऊन जनाबाईला तसंच सांगितलं. ती पंचशील पाळणारी बाई, बंदुकीचं नाव काढलं की तोंड फिरवायची. पण त्या दिवशी तिने विचारलं की मानेची चांगली आहे ना.

चांगलीच होती. चाचणीवाले साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांनी सोमालाही विचारलं. सोमा साहेबांच्या हुद्द्याला दबला नाही. तो म्हणाला, सरळ पुंगळीचा घाव जबर आहे, ती करायलाही सोपी. पण आपोआप भरणाऱ्या रायफलीत पुंगळी झटकन आत जाऊन नेमकी बसली पाहिजे आणि उडाली की झटकन बाहेर आली पाहिजे. मानेची आपल्या मानेखालच्या उतरत्या खांद्यावर टेकून बसते, तिला जागा शोधावी लागत नाही. सरळ एखाद्या वेळी तोंडाशीच अडेल, आणि हत्ती काही थांबायचा नाही. साहेबांनी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं.

मानेच्या पाचशे पुंगळ्या बापलेकांनी मिळून केल्या. त्यांतल्या तीनशे पाठवायच्या होत्या. सोमाने दोन दिवस एकट्याने बसून त्या निवडल्या. उरलेल्या दोनशे पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या. निवडलेल्यांना शेठच्या हुकमावरून पॉलिश झालं, आचेच्या रेघा पुसल्या गेल्या आणि पुंगळ्या सोन्यासारख्या चकाकू लागल्या. पण न्यायला गाडी यायला महिना होता. स्टोअर गळत होतं, आणि पितळाला पाय फुटायला वेळ लागत नाही. सरळ पुंगळ्या स्टोअरमध्येच पडल्या, त्यांची सोमाला फिकीर नव्हती. मानेच्यांसाठी मात्र त्याने ऑफिसातल्या मायाकडून नकाशांच्या खोलीची किल्ली मागून घेतली. अमोनियाच्या वाफेवर चालणाऱ्या यंत्रातून ड्रॉइंगचे प्रिंट जिथे काढायचे ती खोली. कोरडी, कुलुपाची, साहेब लोकांची. त्या यंत्राशेजारच्या फळीवर त्याने उघडे ट्रे ओळीने मांडले. प्रिंटच्या वासाने डोळ्यांत पाणी यायचं, पण तो रोज एकदा जाऊन बघून यायचा.

सप्टेंबरात चाचणी झाली. मानेच्या पुंगळ्या खांद्याखाली फाटल्या. एक-दोन नव्हे, दर दहातल्या चार. दोन तर रायफलीतच अडकून बसल्या. सरळ काडतूस निवडलं गेलं. नमुना म्हणून फाटलेल्या पाच पुंगळ्या परत आल्या, आणि शेठने त्या टेबलावर ठेवून सगळ्या शेडला बोलावलं.

शेठ ओरडला नाही. त्याने विचारलं, "सोमाभाऊ, तुम झूठ नहीं बोलते. हाथ किसका था?"

सोमाने पुंगळी उलटसुलट करून पाहिली. रेघ नव्हती, काहीच कळत नव्हतं. पण तीस वर्षांत त्याच्या हातची पुंगळी फाटली नव्हती. मग दुसरं काय असणार? महेंद्र चार पावलांवर उभा होता. सोमा म्हणाला, "पोराचा हात कच्चा होता. मी त्याला बसवायला नको होतं."

त्याला त्या क्षणी वाईट वाटलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. पोटच्या पोराला पाठीशी न घातल्याबद्दल त्याला उलट स्वतःविषयी बरं वाटलं. महेंद्र आपल्या हातांकडे बघत राहिला.

कोपऱ्यातली गोणपाटं काढली, बर्नर विकला. सोमाला शेठने पॅकिंगला घेतलं. महेंद्र उल्हासनगरला एका जीन्सच्या कारखान्यात लागला. शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे कापायचे, एवढंच काम. बायकापोरं करतात ते. दोन वेळा तिथल्या मास्तरने त्याला शिलाई मशीनवर बसायला सांगितलं, दोन्ही वेळा तो नाही म्हणाला. हात बसत नाही माझा, म्हणाला. घरात एखादा खिळा ठोकायचा असला तरी तो शेजारच्याला हाक मारायचा. एक स्थळ आलं होतं, मुलगी चांगली होती. तिच्या वडिलांनी कामाबद्दल विचारलं तर याने स्वतःच सांगितलं की मला कुठलंच काम धड येत नाही. स्थळ परत फिरलं.

जनाबाईला ते बघवत नव्हतं. ती सोमाच्या मागे लागली. जवळजवळ तीन वर्षं तिने तो धोशा सोडला नाही. पोराला एकदा चांगलं म्हणा, तुमच्या शब्दाने तो मोडलाय, तुमच्याच शब्दाने उभा राहील. खोटं असलं तरी म्हणा. महेंद्र घरात असतानाही म्हणायची, खोली होती केवढी? त्याच्या कानावर सगळं पडायचं. सोमाचं उत्तर ठरलेलं होतं, की खोटं मी बोलणार नाही.

२००७ च्या मे महिन्यात शेठने कारखाना मोडीत काढला. माळ्यावरचं भंगार खाली उतरवायचं काम सोमाकडे आलं. त्यात ते पोतं निघालं. त्याने ते जमिनीवर ओतलं. तीन पावसाळे खाल्लेल्या दोनशे पुंगळ्या. काळवंडल्या होत्या, पण रेघा दिसत होत्या. त्याने एक उचलली. रेघ उजवीकडे चढती. दुसरी, चढती. तो खाली बसला आणि एकेक करून सगळ्या पाहिल्या. सतरा सोडल्या तर साऱ्या महेंद्राच्या, आणि एकीलाही तडा नव्हता. म्हणजे निवडताना त्याने आपल्याच उचलल्या होत्या. नकळत, सरळ रेघ बघून. फाटल्या त्या बहुतेक त्याच्याच हातच्या होत्या.

पण त्याचा हात तरी कसा चुकेल? तो तिथेच बसून राहिला. पलीकडे हमाल नकाशांच्या खोलीतलं यंत्र बाहेर काढत होते. अमोनियाची बाटली कलंडली आणि वासाचा भपकारा शेडभर पसरला. एक हमाल नाक दाबून म्हणाला, "साला, मुतारीसारखा वास मारतोय."

कोंडाजीचा लघवीचा नियम सोमाला त्या दिवशी समजला. मान राखण्याचा त्यात काही संबंध नव्हता. लघवीतून सुटते तीच अमोनियाची वाफ ताणलेल्या पितळाला लागली, त्यात हवा दमट असली, की पितळ आतल्या आत चिरत जातं, वरून कितीही चकाको. आच खांद्यापर्यंतच पोचते, त्याखालचं पितळ ताणलेलंच राहतं, आणि चिरलं तेही तिथेच. तीस वर्षं ज्या गोष्टीसाठी त्याने दुसऱ्यांना शिव्या घातल्या ती त्याने स्वतःच्या हाताने केली होती, महिनाभर, रोज जाऊन बघत.

तो तसाच निघाला, खिशात एक पुंगळी टाकून. उल्हासनगरला जीन्सच्या त्या कारखान्यात पोचला तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आली होती. महेंद्र पँटींच्या ढिगामागे कात्री घेऊन बसला होता. पंचवीस वर्षांचा, पण खांदे उतरलेले. बापाला बघून तो दचकला. घरी सगळं ठीक आहे ना, विचारलं.

सोमाने पुंगळी त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. पोतं, रेघा, प्रिंटची खोली, कोंडाजी. सांगताना त्याचा आवाज कापत होता, तो आवाज महेंद्राने कधी ऐकला नव्हता. शेवटी सोमा म्हणाला, "तुझा हात चांगला होता रे. माझ्यापेक्षा चांगला होता. मी चुकलो."

महेंद्राने पुंगळी फिरवून पाहिली. मग हळूच बापाच्या खिशात परत ठेवली. तो हसला, आणि त्या हसण्यात राग नव्हता, हेच सोमाला सहन झालं नाही.

"आईने पाठवलं ना?" तो म्हणाला. "किती दिवस मागे लागली होती तुमच्या. आबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. उगाच कशाला त्रास करून घेता?"

"खरं सांगतोय मी."

"हां, खरं," महेंद्र समजूत काढल्यासारखं म्हणाला, आणि बापाला बसायला स्टूल ओढून दिलं. भोंगा झाला. त्याने ढिगातली पुढची पँट मांडीवर घेतली आणि धागे कापायला लागला.