घशातला क

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिला नाही. पोरं मोठी झाली, त्यांना नाही. तुळजापूरला देवीपुढं उभा राहिलो तेही गप्पच—तिला ठाऊक असणारच, मग बोलून काय दाखवायचं? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसापुढं माझी मान वाकत नाही. तुमच्यापुढंही वाकवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी चार बुकं शिकलेला माणूस. गाव जन्मभर म्हणत आलं, पाटलाच्या पोराचं टकुरं जड, म्हणून हैदराबादला जाता जाता राहिलं. म्हणू दिलं. पण टकुरं जड नव्हतं. अजूनही नाही.

तेव्हा राज्य निजामाचं. कोर्टकचेरी सगळी उर्दूत. आप्पांचा—माझ्या वडलांचा—बांधावरनं खटला चालला होता. निकालाच्या दिवशी वकील बोलला, मुन्सफ बोलला, आप्पा नुसते हात जोडून उभे. बाहेर आल्यावर शिपायानं बक्षिसी मागितली, तेव्हा त्यांना कळलं की आपण जिंकलो! गाव हसलं. हरले असते तर आप्पांना एवढं लागलं नसतं. घरी येऊन पटका खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "शिवा वकील व्हणार."

वकील व्हायचं तर हैदराबादची मोठी युनिव्हर्सिटी. तिथं कायदा उर्दूत, डाक्टरकी उर्दूत, गणितसुद्धा उर्दूत. आणि पोरं घ्यायची तर चाळणीनं गाळून. माझे अजून दुधाचे दात पडत होते. आई म्हणाली, "अवो, लई ल्हान हाय त्यो." आप्पा म्हणाले, "आत्तापास्नं घासलं तरच चकाकंल." मला कुणी विचारलं? भांड्याला कोण विचारतं?

घासायला मिळाले इमाम मुन्शी. आमच्याच शाळेत उर्दू शिकवायचे. शाळा सुटली की आमच्या ओसरीवर येऊन मला वेगळं शिकवायचे. उर्दूत दोन 'क' असतात, हे मला त्यांनीच सांगितलं. एक आपला साधा. दुसरा घशाच्या तळातनं काढायचा—मोट विहिरीत बुडताना डुबुक करते ना, तसा. आपल्याकडं तो कुणालाच निघत नाही. इकडचे मुसलमानसुद्धा त्याचा 'ख' करतात. कलमाचं खलम, किस्मतीचं खिस्मत. मुन्शीजी तरुणपणी हैदराबादला लखनौकडच्या एका साहेबाच्या पदरी होते. तो साहेब त्यांना 'खलम' म्हणून हाक मारायचा. तेव्हा ह्या माणसानं हट्टानं घसा खरवडून तो 'क' काढला. तालुक्यात तो फक्त आपल्याला येतो, असं म्हणायचे. छाती काढून म्हणायचे.

मला तो शिकवताना ते तोंडात पाणी धरायला लावायचे. गुळणी कर, म्हणायचे. मग म्हणायचे, "अब पानी थूक दे, आवाज रख ले." काय माणूस! मला हसू यायचं, ठसका लागायचा, त्यांच्या सदऱ्यावर पाणी उडायचं. रागावले नाहीत कधी.

आणि मला तो आला—चांगला आला. पहिल्यांदा बरोबर निघाला तेव्हा मुन्शीजी उठून उभे राहिले, आणि आईकडनं गुळाचा खडा मागून माझ्या तोंडात घातला. दहा वर्षांचा होईतो मला घशातला 'क' झोपेतही यायचा. हे नीट ऐकून ठेवा.

मग कळलं, शाळा तपासायला मोहतमीम साहेब येणार, आणि उर्दूत पक्कं असलेलं एक पोर हैदराबादच्या बोर्डिंगसाठी निवडणार. तिथनं पुढं युनिव्हर्सिटी. आप्पांनी माझ्यासाठी टोपी शिवायला टाकली.

मला जायचं नव्हतं. मला मोट हाणायची होती. बैल धावेच्या उतारावरनं निघाले की मोटेच्या दोरावर, नाड्यावर बसून खाली यायचं, थारोळ्यात पाणी धबाधबा पडायचं—ते सोडून मी बोर्डिंगात जाऊ? कुणाच्या हसण्याची भरपाई करायला? आजही विचाराल तर हेच सांगेन. न गेल्याचं मला तिळभर दुःख नाही.

साहेब आले. उत्तरेकडचे, गोरेपान. खिशातलं पेन वर धरून मला विचारलं, "ये क्या है?"

मी म्हणालो, "खलम."

"और मुर्दा कहाँ गाड़ते हैं?"

"खबर में."

साहेबांच्या मिशीत हसू फुटलं. मुन्शीजी भिंतीपाशी उभे होते. त्यांचा चेहरा—पण ते राहू द्या. ते वाकून, स्वतःच्या घशाला बोट लावून म्हणाले, "बेटा, हलक से. कल जैसा बोला था, वैसा." मी पुन्हा म्हणालो, "खलम." मोठ्यानं.

इथवर मला काही वाटत नाही. माझी जीभ, माझा घसा. मला नसेल काढायचा तर नाही काढणार. यात गुन्हा कसला? गुन्हा पुढं आहे. तिथं यायलाच इतका वेळ लावला मी, हे तुमच्या ध्यानात आलं असेल.

साहेबांनी विचारलं, "किसने सिखाया तुम्हें?"

गप्प बसता आलं असतं. खाली बघता आलं असतं. मी मुन्शीजींकडं बोट केलं आणि म्हणालो, "मुन्शीजी ऐसाइच सिखाए."

कुणी शिकवून ठेवलेलं नव्हतं मला हे. माझं मीच बोललो. भीती वाटली, की आता मुन्शीजी साहेबाला पटवतील, पोराला येतंय म्हणतील, आणि मला गाडीत घालतील. त्याआधी त्यांनाच पाडलं.

साहेब त्यांच्याकडं वळले. "आप फ़रमाइए, मुन्शीजी." मुन्शीजींनी घसा खाकरला. ओठ ओले केले. आणि त्या माणसाच्या तोंडातनं, सगळ्या शाळेपुढं, निघालं—"ख... खलम."

पोरं खदखदून हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी.

साहेब कुणालाच न निवडता गेले. काही दिवसांत मुन्शीजींच्या जागी दुसरा माणूस आला. आप्पांनी मुन्शीजींना आमची ओसरी बंद केली, म्हणाले, "माझ्या पोराचं वाटोळं केलं त्या खलममुन्शीनं." ते नाव गावभर झालं. बारकी पोरं ओरडत पाठीमागं जायची. एक दिवस मुन्शीजी परंड्याकडं लेकीच्या घरी निघून गेले. मी मोटेवर होतो. गाडी वाटेनं जाताना दिसली. बैल थांबवले नाहीत.

पुढं निजाम गेला, उर्दू गेली. लोक म्हणाले, "बरं झालं शिवा, ती विद्या वायाच गेली असती." मी व्हय म्हणायचो. पण खरं सांगू? दहा वर्षांच्या पोराला राज्य जाणार हे ठाऊक होतं का? मग ते कारण माझ्या कामाचं नाही. मी ते घेत नाही.

इथंच संपलं असतं तरी मी कदाचित बोललो नसतो. पण तरुणपणी सोबत्यांबरोबर सोनारीच्या जत्रेला गेलो होतो. देवळाबाहेर आरसे-फण्या विकत एक म्हातारा बसलेला. त्यानंच मला ओळखलं. उठून उभा राहिला. उर्दूचा एक शब्द नाही. मराठीत बोलला, आणि मला—मांडीवर बसवून शिकवलेल्या पोराला—अहोजाहो घालून.

"पाटील, एक खरं सांगा. तुमाला येत व्हता न्हवं त्यो? का माझ्याच कानाला तसं वाटायचं?"

एवढी वर्षं त्या माणसाला हेच खात होतं. नोकरी गेल्याचं नाही, गाव सुटल्याचं नाही. आपण बरोबर शिकवलं होतं का नाही—हे.

सोबती बघत होते. एकानं विचारलं, "काय रं, कोण ह्यो?"

मी म्हणालो, "कशाचं काय मुन्शीजी. मला न्हाय आठवत."

त्यांनी मान हलवली. "असंल, असंल. माझाच कान," म्हणाले, आणि फण्या नीट लावत बसले.

मला येत होता. त्यांचा कान बरोबर होता. हात लांबवला तर खांद्याला लागेल, इतक्या जवळ होते. सांगितलं नाही.