कैलासची सनई आणि रखमाबाईंची हळद

हेंद्रेपाड्यातला आमचा कैलास अंबरनाथच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळतो, पण विचाराल तर स्वतःला संगीतकार म्हणवतो. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एका सिंधी दुरुस्तीवाल्याकडे त्याला जुना अ‍ॅनालॉग सिंथेसायझर मिळाला आणि माणूस कामातून गेला. त्या पेटीत तयार आवाज एकही नाही. गोल खुंट्या पिळून आवाज घडवायचा, आणि खुंटी हलली की तो गेला. लक्षात ठेवणं पेटीला ठाऊकच नाही. कैलासने त्यातून घुमणारा बेस काढला, पितळी बाजा काढला, बासरी काढली. दर वेळी शेजारून मला हाक, "ऐक ना, आवाज आला की नाय?" आणि यायचाच, मेल्याचा! मी ढोलकीवाला, उगाच कौतुक करत नाही, पण बासरी ऐकून त्याला मिठीच मारली.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा अक्षदा म्हणाली, "पप्पा, हळदीला डीजे नको. तुमची सनई पायजे." झालं! गडी सनईच्या मागे लागला. आवाजाची लहर अरुंद केली की तो नाकात बोलतो, वरचा तीक्ष्णपणा गाळणारा फिल्टर जरा मिटला की टोचत नाही, सूर किंचित सावकाश उमटला की फुंकर मारल्यासारखा वाटतो. ऐन हळदीच्या सकाळी सनई सापडली. संध्याकाळी पेटी गोधडीत गुंडाळून त्याने अलगद मांडवात नेली आणि दिसेल त्याला दम दिला, "खुंटीला हात लावलास तर बघ!"

पण रखमाबाईंना दम कोण देणार? आमच्याकडे त्यांनी धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गायल्याशिवाय लग्न लागत नाही. कैलास कपडे बदलायला गेला आणि बाई हळदीची वाटी घेऊन पेटीपाशी. "बाज्याला हलद लावल्याशिवाय कार्य कसा सुरू व्हाचा?" म्हणत त्यांनी एकेक खुंटी मायेने गोल गोल चोळली. रीतच ती, अडवणार कोण!

कैलासने येऊन पट्टी दाबली आणि मांडवात रेडा ढेकरला. माणसं हसून हसून लोळली. अक्षदाच्या मामाने गुपचूप बोलावलेला डीजेवाला बाहेर टेम्पोत टपूनच होता. त्याने लगेच वायरी सोडल्या. पाटावर अक्षदाचं तोंड एवढंसं झालं. मला असा राग आला म्हणता!

"म्हातारे, काय केलंस हे?" मी ओरडलो. रखमाबाईंनी हळदीची वाटी खाली ठेवली. त्यांनी डोळे मिटून धवला सुरू केला, नाकातून, मोकळ्या गळ्याने. कैलास पिवळ्या खुंट्यांवर तुटून पडला. बाईंच्या आवाजाकडे कान लावून एक पिळली, दुसरी सोडली, तिसरी केसभर मागे घेतली. आणि आला की हो आवाज! सकाळच्या सनईहून रांगडा, बाईंच्या सुरात सूर मिसळलेला. मी ढोलकीवर अशी थाप मारली की डीजेवालाच टेम्पोतून उतरून नाचायला लागला.

मांडवातल्या हॅलोजन दिव्यांच्या तापाने पेटीचा सूर सारखा घसरत होता. कैलासचा एक हात पट्ट्यांवर, दुसरा सुराच्या खुंटीवर, सोडायची सोय नाही. एवढ्यात बायका ओरडल्या, "आता बापाने हलद लावाची!"

"कसा येऊ? हात सोडला तर सनई गेली!" कैलास रडकुंडीला आला.

नवरीने पाटावरून उठायचं नसतं. अक्षदा उठली. नाचणाऱ्यांतून वाट काढत आली, वाकली, आणि आपला हळदीने माखलेला गाल तिने बापाच्या गालावर घासला. कैलास हसत होता, रडत होता, पण सूर काही त्याने पडू दिला नाही.