चष्मा काढून लॉगआउट

शिफ्ट सुटायच्या वेळी सोपानराव स्टोअरमधल्या कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि आधी चष्मा काढून खिशात ठेवायचे. चाकणच्या आमच्या कंपनीत सगळ्यांच्या प्रिंट त्याच कॉम्प्युटरवर निघत. रजेचा अर्ज असो की पोराचा दाखला, माणसं मोबाइलवरचं चॅट तिथं जोडायची, प्रिंट घ्यायची आणि सगळं तसंच उघडं टाकून बस पकडायला पळायची. ज्याचं राहिलं असेल त्याचं चॅट सोपानराव बंद करायचे. चष्म्याशिवाय त्यांना अक्षर दिसत नसे, पण बटण कुठं आहे ते पाठ होतं.

"दुसऱ्याचा मेसेज म्हंजी दुसऱ्याचा डबा," ते म्हणायचे. "झाकण उघडं दिसलं म्हणून कुनी हात घालतं व्हय?"

तळवड्याच्या जुन्या शेतकरी घरातला हा माणूस साधा स्टोअरकीपर. मी सुपरवायझर, चार ग्रुपचा ॲडमिन. पण कुणाला घरचं काही बोलायचं असलं की तो माझी केबिन ओलांडून स्टोअरमध्ये शिरायचा. मी जळायचो त्यांच्यावर. त्यात माझा सख्खा धाकटा भाऊ, पेंट शॉपमधला संदीप, तोही त्यांच्याकडंच जायचा. ते पाहून तर माझा नुसता तिळपापड व्हायचा.

त्याला कारण मीच होतो. बायकोला दिवस गेल्याचं संदीपनं एकदा मला एकट्याला कळवलं आणि मी आनंदाच्या भरात त्या मेसेजचा स्क्रीनशॉट शिफ्टच्या ग्रुपवर टाकला. पुढं ते मूल राहिलं नाही. तरी महिनाभर लोक त्याचं अभिनंदन करत होते. त्यानंतर संदीप रहाटणीला माझ्याकडं येईनासा झाला.

एका दुपारी सोपानरावांच्या घरून फोन आला, बायको जिन्यावरून पडली होती. मला स्टोअरमध्येच सोडून ते तसेच पळाले आणि त्यांचंच चॅट उघडं राहिलं. मी ते बंद करायला बसलो, असं मी स्वतःला सांगितलं. यादीत संदीपचं नाव सगळ्यात वर होतं, न वाचलेल्या मेसेजसह. मी उघडलं. 'काका, पुन्हा दिवस गेलेत. डॉक्टरांनी जपायला सांगितलंय. सोमवारी तुमची गाडी मिळेल का? दादाला कळू देऊ नका.'

ती बातमी मी कुणालाच सांगितली नाही. जन्मात पहिल्यांदा काही पोटात ठेवलं, तेही चोरलेलं.

सोपानरावांच्या लगेच लक्षात आलं. मोबाइल त्यांच्या खिशात होता आणि मेसेज मात्र वाचलेला दिसत होता. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये, मी शेजारच्याच टेबलावर असताना, त्यांनी संदीपला सांगितलं, "चूक माझी. चॅट उघडं ऱ्हायलं आन् तुजा मेसेज कुनीतरी वाचला."

संदीपनं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडंही तेच, काका." आणि ताट उचलून निघून गेला. सोमवारी त्यानं त्यांची गाडी नेली नाही. पुन्हा कधी तो स्टोअरकडं फिरकला नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

सोपानराव रिटायर झाले त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. हारतुरे झाल्यावर त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, तो मेसेज मी वाचला होता.

"ठावं हाय, सायब. त्या टायमाला तिथं तुमीच व्हता."

मग संदीपला का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"माझ्यावर घेतलं, त्याचा एक दोस्त गेला," ते म्हणाले. "तुमचं नाव घेतलं आसतं तर त्याचा भाऊ गेला आसता. आता तुमीच सांगा त्याला, जमंल तवा."

त्यांनी माझं गुपितही सांभाळलं होतं. तिथं उभ्या उभ्यासुद्धा मला त्यांचा हेवाच वाटला. संदीपला मी अजून सांगितलेलं नाही. मुलगी झाल्यावर रावेतला त्यानं थाटात बारसं केलं. थोरला भाऊ म्हणून मला पहिलं बोलावणं होतं. सोपानरावांना नव्हतं.