आईला बस लागते

माझ्या आईला बस लागते. स्टँडच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत उलट्या सुरू. म्हणून ती कुठं जायची तर रेल्वेनंच, आणि रेल्वे थोरल्या बहिणीच्या गावाला जायची, माझ्या नाही. माहेर तुमसरकडचं, रुळाच्या काठचं. थोरलीला त्याच रुळावर काही स्टेशनं पुढचं सासर मिळालं. मला दिलं लाखांदूरला, जिथं एसटीशिवाय काही येत नाही. तेव्हापासून मी जळत आले. सरळच सांगते, रेल्वेवर जळत आले.

रेल्वेची प्रगती झाली की लोकांना आनंद होतो, माझ्या पोटात दुखायचं. कोळशाची इंजिनं बंद झाली तेव्हा थोरली मोठ्या कौतुकानं म्हणाली, आता आईच्या लुगड्यावर काजळी पडत नाही. रुळावर तारा आल्या, विजेचं इंजिन आलं, तर आई सकाळी तिच्याकडे जाऊन संध्याकाळी परत यायला लागली. थोरलीची पोरं आजीच्या मांडीवर वाढली. माझ्या पोरांना आजी दिसायची दिवाळीत, तीही आम्ही धक्के खात गेलो तर.

वडशाची लहान गाडी जाऊन मोठी लाइन झाली तेव्हा मात्र मी पेढे वाटले. वडसा आम्हाला जवळ. आईला म्हटलं, गोंदियाला गाडी बदल, मी वडशाला घ्यायला येते. ती म्हणाली, गोंदियाचा पूल चढवत नाही, गुडघे दुखतात. पुढं त्या लाइनवरही तारा लागल्या, पण गुडघे काही बरे झाले नाहीत. अलीकडे ती नवी पांढरी, वेगवान गाडी सुरू झाली आणि थोरलीच्या स्टेशनवर न थांबता निघून जाते, असं कानावर आलं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले. आहेच मी तशी.

गेल्या उन्हाळ्यात नणंदेला बसवून द्यायला लाखांदूरच्या स्टँडवर गेले होते. गडचिरोलीची बस येऊन लागली. खिडकीत आई. हातात अर्धं लिंबू, मांडीवर पिशवी. शेजारी थोरली मान टाकून झोपलेली.

"आई, तुले तं बस लागते ना?"

आई दचकली. मग म्हणाली, "लागते ना माय. साकोलीपासून दोनदा झालं."

थोरलीची मुलगी गडचिरोलीला असते. तिचं बाळंतपण अवघड होतं, थोरली घाबरून गेली होती, तिला एकटीला कसं पाठवायचं म्हणून आपणही निघालो, असं आईनं लिंबू हुंगत सांगितलं. मी खिडकीची दांडी धरून विचारलं, "मंग माह्याकडं काहून नाही आली कधी?"

तिला प्रश्नच कळला नाही. "तुह्याकडं कायले येऊ? तिचं काही ना काही अडून राहाते. तुह्यं तं सारं बरं हाय. तुही चिंताच नाही मले."

हे ती हसून म्हणाली, शाबासकी दिल्यासारखं. माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या जिवाला उगाच घोर नको म्हणून मी टाके निघाल्यावर कळवलं होतं. कंडक्टरनं घंटी मारली. मी जवळची पाण्याची बाटली आत दिली, परतताना उतर म्हटलं. पाहू, म्हणाली. थोरली शेवटपर्यंत जागी झाली नाही.

घरी आले तर नवरा नुकताच धानाच्या बांधीवरून येऊन हातपाय धूत होता. त्याला म्हटलं, "आईले फोन लावा. सांगा, तुमची पोरगी बिमार हाय."

त्यानं घाबरून ओल्या हातानंच माझं कपाळ चाचपलं, काय होतंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही होत. तुम्ही लावा फक्त.