माझ्या साडूंचा काटा

अंदाज या गोष्टीवर अख्ख्या नागपुरात सर्वांत कमी विश्वास कुणाचा असेल, तर तो माझ्या साडूंचा. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन शहराच्या टोकाला बेसा भागात नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि गेल्या उन्हाळ्यापासून घरी पिझ्झा करू लागले. साडू-साडूंमध्ये अहो-जाहोचा रिवाज असतो, पण आमच्या साडूंनी लग्नाच्या मांडवातच मला 'काय गा' म्हणून हाक मारली आणि तेव्हापासून ती तशीच चालू आहे. 'पाणी बेताचं घाला', 'मीठ चवीपुरतं', 'चिमूटभर साखर' असं कुणी म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. चिमूट कुणाची, असा त्यांचा प्रश्न असतो. माझ्या बायकोने एकदा फोनवर ताईंना ढोकळ्याचं प्रमाण सांगताना 'वाटीभर' म्हटलं, तर मागून साडूंनी वाटी कोणती, आमटीची की श्रीखंडाची, असं विचारलं. तो ढोकळा मग झालाच नाही.

पिझ्झ्याचं वेड त्यांना नेमकं कसं लागलं ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. ज्या माणसाने जन्मभर पातोडीच्या रश्श्यापुढे दुसरं काही मानलं नाही, तो एकाएकी मैद्याच्या जातींवर बोलू लागला. बरं, बोलून थांबला असता तरी चाललं असतं. त्यांना सामान घ्यायचं असे, आणि सामान घ्यायला सोबत मी लागे. त्यांच्याबरोबर दुकानात जाणं म्हणजे काय, हे ज्याने भोगलं त्यालाच कळेल. पिझ्झा भाजायला खाली दगड लागतो म्हणून ते मला फरशीच्या दुकानात घेऊन गेले. तिथे त्यांनी कोटा, कडप्पा, ग्रॅनाइट अशा प्रत्येक फरशीवर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावला. दुकानदाराने कुठे बसवायची, बाथरूममध्ये का, असं विचारलं. साडू म्हणाले, ओव्हनमध्ये. मी लगेच टाइल्सचे नमुने बघायला दुसऱ्या टोकाला निघून गेलो. त्यांनी घेतलेला कोट्याचा तुकडा पहिल्याच दिवशी ओव्हनमध्ये असा फुटला की खालच्या मजल्यावरचे लोक सिलेंडर बंद करून जिन्यात आले होते.

पिझ्झा आत सरकवायचं लांब दांड्याचं फळकूट त्यांनी सुताराकडून करून घेतलं. सुताराला त्यांनी चित्र काढून दिलं होतं, पण सुताराने आपल्या समजुतीने त्याला कपडे धोपटायच्या थापीसारखी जाडी दिली. साडू ते परत करायला गेले तेव्हा मीच सोबत होतो आणि त्या सुताराने, बायकोला धुणं करायला मदत करता हे चांगलं आहे, असं माझ्याकडे बघून म्हटलं. मग ओव्हनची आच मोजायला ते औषधांच्या दुकानात गेले आणि कपाळाला दाखवायची तापाची बंदूक मागू लागले. कुणाला ताप आहे, असं दुकानातल्या पोरीने काळजीने विचारलं, तर हे शांतपणे म्हणाले, ओव्हनले. पुढे त्यांना हवी तशी बंदूक कुठूनशी मिळाली. तिची पारख त्यांनी मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवर केली. आधी गच्चीची फरशी, मग पाण्याची टाकी आणि शेवटी माझं टक्कल. सगळ्यांत तापलेली टाकी निघाली, म्हणून मी सुटलो.

पण हे सगळं काट्यापुढे काहीच नाही. काटा म्हणजे वजनाचा काटा. नागपूरच्या उकाड्यात यीस्ट जरासं जास्त झालं की पीठ डब्याचं झाकण ढकलून बाहेर येतं, म्हणून यीस्ट मोजायला सोनाराचाच काटा पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात तथ्यही असेल. पण एक काटा घ्यायचा, आठवडाभर वापरायचा आणि परत करायला जायचं, असा क्रम सुरू झाला. तक्रार नेहमी एकच असे. आकडा थांबून नाही राहिला. इतवारीत काट्यांची जी दुकानं आहेत, तिथल्या लोकांचा धंदा सराफांशी, त्यांना ही तक्रार म्हणजे अपमानच. एकाने काट्यावर नाणं ठेवलं, आकडा ठाम उभा राहिला. साडू म्हणाले, नाण्याचं मला काय सांगता, हे मोजून दाखवा. आणि शर्टाच्या खिशातून त्यांनी प्लॅस्टिकची छोटी पुडी काढली. आत बारीक तपकिरी दाणे. बाजूला तराजू बघत उभ्या असलेल्या बाईंनी आपली पर्स काखेत घट्ट धरली. दुकानदाराने आधी पुडीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. यीस्ट आहे, पिझ्झ्याचं आहे, असं मी म्हणालो, पण सोन्याच्या काट्यावर पिझ्झा तोलायला आलेला माणूस खरं बोलत असेल असं कुणाला वाटणार. साडू एका हाताने काट्यावरची वाटी धरून चमच्याने दाणे पाडत होते आणि आकडा पुढे-मागे पळत होता. 'काका, हात तर काढा', दुकानदार म्हणाला. साडूंनी एकदम पुडी मिटली आणि ते पायऱ्या उतरून गेले. काटा गल्ल्यापाशी तसाच राहिला, तो मी माफी मागून उचलला. त्या दिवशी इतवारीतून बाहेर पडेपर्यंत मी त्यांच्यापासून चार पावलं मागे चालत होतो, कुणी ओळखीचं भेटलं तर आपण त्यांच्यासोबत नाही असं दाखवता यावं म्हणून.

एवढ्यात त्यांच्या मुलीचं लग्न ठरत आलं. मुलगी मिहानमध्ये एका कंपनीत नोकरीला आहे, मुलगा तिच्याच कंपनीतला. मुलाचे आईवडील रामदासपेठेत राहतात, वडील डॉक्टर. एकमेकांना पसंती कळवून झाली होती आणि आता ते दोघं पहिल्यांदा मुलीच्या घरी जेवायला येणार होते. बोलणी पक्की व्हायची ती या जेवणानंतरच. आणि साडूंनी जाहीर केलं की व्याह्यांना जेवायला पिझ्झा.

ताईंचा मला फोन आला तेव्हा त्यांचा आवाज रडवेला होता. 'व्याही पहिल्यांदा घरी येऊन राहिले जी, अन् हे त्याहिले पिझ्झा खाऊ घालतीन. वडाभात नाही, पुरणाची पोळी नाही. लोकं काय म्हणतीन? मले तं तोंड दाखवाले जागा नाही राहणार. तुमीच समजवा.' माझी बायको बाजूला उभी राहून, जा म्हणून खुणावत होती. मी बेसाला गेलो.

साडू स्वयंपाकघरात होते. मी वाटेत मनाशी जुळवलेलं सगळं बोलून टाकलं. पहिलं जेवण आहे, रीत आहे, पिझ्झा काय लग्नानंतरही करता येईल, डॉक्टरसाहेब काय म्हणतील. त्यांनी ऐकून घेतलं, मग उठून स्वयंपाकघराचं दार लावलं. ओट्यावर तोच इतवारीचा काटा होता. त्यावर त्यांनी वाटी ठेवली आणि चमच्यात यीस्ट घेतलं. त्यांचा उजवा हात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. चमचा वाटीच्या काठावर टकटक वाजत होता. हात आवरावा म्हणून त्यांनी मनगट वाटीला टेकवलं तसा आकडा पळायला लागला. त्यांनी चमचा माझ्या हातात दिला.

'आता तू टाक.'

मी दाणे टाकले. आकडा जागेवर उभा राहिला.

'पाह्यलं? काट्यात दोष नाही गा. पहिले मले वाटे, काटाच खराब आहे. मग समजलं. तरी घेऊन राहिलो नवे नवे. वाटे, एखादा तरी काटा खोटं बोलंन.'

मी चमचा ओट्यावर ठेवला. ते मात्र थांबले नाहीत. आमच्याकडच्या कुठल्याही लग्नात पंगतीला तूप वाढायचं काम त्यांचं, हे सगळ्या नात्यागोत्याला माहीत आहे. वाकून, झरझर, भाताच्या मुदीवर बरोबर मध्यभागी, पानाबाहेर एक थेंब नाही. व्याही जेवायला आले आणि पानं मांडली, की मुलीच्या बापाने तुपाचं भांडं हातात घेतलंच पाहिजे. सगळे म्हणणार, तूप तुम्हीच वाढा. आणि समोर बसणार डॉक्टर.

'पिझ्झा वाढा लागत नाही. टेबलावर मांडला का ज्याचा त्यानं उचलला', ते म्हणाले. 'डॉक्टर आहे तो. त्याले एका नजरेत समजंन. म्हणंन, बापाले असं आहे, उद्या पोरीले झालं तं? माह्यापायी तिचं लग्न मोडलं तं मी काय करू? अन् मले लाज वाटते गा. हिले नाही सांगितलं, पोरीले नाही सांगितलं.'

सबंध उन्हाळा, सबंध पावसाळा हा माणूस मला दुकानादुकानातून काट्यांसाठी फिरवत होता तो हा हात लपवायला. मी बाहेर येऊन ताईंना सांगितलं की पिझ्झाच होऊ द्या, आजकाल सगळीकडे तसंच असतं. ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा विश्वासघात केला आहे. एका परीने केलाच होता.

ठरलेल्या रविवारी मी सकाळीच गेलो. यीस्ट मी मोजलं, पीठ मी मळलं, साडू शेजारी उभे राहून सांगत होते. मदतीचं निमित्त करून ओव्हनपाशीही मीच उभा राहिलो. पाहुणे आले. ताई मान वर करून बोलत नव्हत्या, पिझ्झ्याची लाकडी पाटी टेबलावर आली तेव्हा तर त्या पाणी आणायच्या निमित्ताने आत गेल्या. पण डॉक्टरसाहेबांनी पहिला घास घेतला आणि भुवया उंचावल्या. विहीणबाईंनी तुकड्याची पोळीसारखी घडी करून खाल्ली आणि, हे घरी केलंय हे खरं वाटत नाही, असं दोनदा म्हणाल्या. साडूंनी मैद्याबद्दल, दगडाबद्दल, आचेबद्दल सांगितलं, फुटलेल्या कोट्याची गोष्टही सांगितली आणि सगळे हसले. त्यांचे हात टेबलाखाली मांडीवर होते. स्वतःसाठी एकही तुकडा त्यांनी उचलला नाही, हे फक्त माझ्या ध्यानात आलं. सुटलो, असं मला वाटलं.

मग विहीणबाईंनी पिशवीतून संत्रा बर्फीचा डबा काढला. आता तोंड गोड करू या, म्हणाल्या, मुलीच्या वडिलांनी आधी आमच्या ह्यांना भरवायचं. नाही म्हणायला जागाच नव्हती. साडू उठले. त्यांनी बर्फी उचलली आणि हात पुढे केला. टेबल ओलांडून जाईपर्यंत बर्फीचा कोपरा तुटून डॉक्टरांच्या शर्टावर पडला होता. साडूंनी डावा हात उजव्याखाली लावला, तसे दोन्ही हात हलू लागले. साडूंची नजर खाली गेली होती. माणूस इतका ओशाळलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं, अगदी सावकाश, आणि तो हात आपल्या तोंडापर्यंत नेला. बर्फी खाऊन झाली तरी त्यांनी मनगट सोडलं नाही.

'कधीपासून आहे हे?' त्यांनी हळूच विचारलं.

'बरेच दिवस झाले जी', साडू म्हणाले. 'लपवून राहिलो होतो.'

'उद्या दवाखान्यात या, बघू आपण. लग्नाचा आणि याचा काही संबंध नाही. पण आधी हिला सांगा', असं म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे मान केली. तिथे मुलगी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. ट्रे तिथेच कपाटावर ठेवून ती आली आणि बापाच्या बोटांना लागलेली बर्फी आपल्या ओढणीने पुसू लागली. 'बाबा, काहून नाही सांगितलं?' पाणी घेऊन परत आलेल्या ताई खुर्चीत बसून राहिल्या होत्या, आणि आता त्या पिझ्झ्याबद्दल विचार करत नव्हत्या.

लग्न येत्या हिवाळ्यात आहे. औषधं चालू झाली आहेत, काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत. काटे घेणं बंद झालं. पिझ्झा मात्र दर रविवारी होतो. यीस्ट मुलगी टाकते आणि बापलेक त्यावरून भांडतात, असं ताई सांगतात. हिवाळ्यानंतर मुलगी रामदासपेठेला जाईल, तेव्हा यीस्ट कोण टाकेल हे त्या घरात कुणी विचारत नाही. मी येत जाईन, असं साडूंना एकदा सांगावं म्हणून मी दोनदा बेसापर्यंत जाऊन आलो. चहा घेतला, पावसापाण्याचं बोललो आणि परत आलो. ते म्हणायचं धाडस मला झालं नाही. दुकानादुकानातून ज्यांच्यापासून चार पावलं मागे चाललो, त्यांच्या तोंडावर असं काही बोलायची मला लाज वाटते.